खर्जाची तार

गेल्या दीड वर्षात माझ्या आयुष्यात जे काही घडलंय ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये. मी बँडमध्ये वाजवते! पबमध्ये वाजवणाऱ्या बँडमध्ये, बास गिटार! महिन्यातले दोन शनिवार बाणेरच्या एका पबमध्ये, मधूनच वाकडला, कधी लोणावळ्याला. आणि आता आमचा आठ गाण्यांचा अल्बमही रेकॉर्ड झालाय. सगळी मराठी गाणी, सगळी आमच्याच गायिकेनं लिहिलेली. हे सुरू झालं तेव्हा माझं वय ४१. त्याआधीची पंचवीस वर्षं मी पेटी वाजवली, भजनात, नाट्यगीतांच्या कार्यक्रमात आणि साताऱ्याला एका तबल्याच्या क्लासमध्ये. पबच्या दारातूनसुद्धा मी कधी आत गेले नव्हते.

भाच्यामुळे गेले. तो ड्रम वाजवतो. त्यांचा बासवाला शिकायला जर्मनीला गेला आणि बदली कुणी मिळेना, महिना गेला, दोन महिने गेले. एका रात्री तो आमच्याकडे जेवायला आला होता. पिठलं-भाकरी खाता खाता एकदम थांबला आणि म्हणाला, "मावशी, तू लेहरा धरतेस ना? मग तू बास वाजवशील."

लेहरा ज्यांनी कधी धरला नाही त्यांना हे वाक्य किती अचूक होतं ते कळायचं नाही. तबल्याचं स्वतंत्र वादन असतं तेव्हा बाजूला पेटीवाला एकच छोटी चाल वाजवत बसतो. तीनतालाच्या सोळा मात्रांत बसणारी ती चाल अर्धा तास, पाऊण तास, तीच आणि तीच. तबलजी कायदा घेतो, रेला घेतो, चक्रदार घेऊन कुठल्या कुठे जातो, आणि परत येतो तेव्हा सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जागेवर सापडते, कारण लेहऱ्यानं ती धरून ठेवलेली असते. मी बारा वर्षं हे केलं. क्लासमधल्या मुलांना टाळ्या पडायच्या आणि मला फार आनंद व्हायचा, पण हा आनंद नेमका कसला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगता येतं. बास म्हणजे हेच. गिटारवाला उडतो, गायिका उडते, भाचा मधूनच ड्रमवर गडगडाट करून तिहाईसारखा सुटतो, आणि ते सगळे उतरतात तिथे मी असते.

बासला चार तारा. सगळ्यांत जाड तार ई या स्वराची, म्हणजे आपली पेटीवरची पांढरी तीन, पण पार खालच्या खर्जातली. सेकंदाला ४१ कंपनं. भाच्यानं हा आकडा सांगितला तेव्हा मी ओरडलेच, माझंच वय! मग कुठेतरी वाचलं की हवेतून जाताना या स्वराची एकेक लाट आठ मीटरपेक्षा लांब असते. आमची तालमीची खोली बारा फुटांची, म्हणजे चार मीटरसुद्धा नाही. लाट खोलीत मावतच नाही! म्हणून भिंतीपाशी उभं राहिलं की स्वर फुगून अंगावर येतो आणि दोन पावलं मध्ये सरकलं की बारीक होतो. मी पहिल्या आठवड्यात तार छेडून ठेवायचे आणि खोलीभर चालायचे, कुठे तो मोठा होतो, कुठे हरवतो, हे बघत. पेटीचा स्वर बोटाखाली असतो. हा तळपायांतून वर येतो. बोटांना फोड आले, ते फुटले, त्यावर घट्टे आले. ते घट्टे मी अजून दिवसातून चारदा अंगठ्यानं चाचपते.

चार महिन्यांनी पहिला शनिवार उगवला.

पबमध्ये वाजवणं म्हणजे रात्री नऊला स्टेजवर चढणं, असं मला वाटायचं. दिवस दुपारी तीनला सुरू होतो. छोटा हत्ती टेम्पो दारात येतो, त्यात ड्रम, अ‍ॅम्प्लिफायर, स्टँड, वायरींची ट्रंक. मागच्या दारानं, स्वयंपाकघराच्या बोळातून, कोंबडीच्या क्रेटशेजारून हे सगळं आत न्यायचं. त्या वेळचा पब मला इतका आवडतो! टेबलांवर उलट्या खुर्च्या, फिनेलचा वास, बारवरचा मुलगा शांतपणे लिंबं चिरतोय. गायिका सेटलिस्टच्या चार प्रती हातानं लिहिते आणि चिकटपट्टीनं प्रत्येकाच्या पायाशी चिकटवते. माझ्या प्रतीवर ती इंग्रजी अक्षरांऐवजी काळी एक, पांढरी चार असं लिहिते. हे मी तिला सांगितलं नव्हतं. एकदा मी पुटपुटताना तिनं ऐकलं, आणि पुढच्या शनिवारपासून तशीच प्रत.

मग साउंडचेक. रिकाम्या खोलीत सगळं खणखणीत वाजतं, मला वाटलं झालं काम. साउंडवाला म्हणाला, "मावशी, लोक येऊ देत, मग बघा." (बँडमध्ये आणि बँडच्या आसपास मी सगळ्यांची मावशीच आहे.) साडेनऊला दीडशे माणसं आत आली आणि तोच आवाज मऊ पडला. माणसांची अंगं आणि कपडे आवाजाचा वरचा, धारदार भाग पिऊन टाकतात आणि खर्ज मात्र त्यांच्यातून आरपार जातो. म्हणजे गर्दी झाली की बाकीच्यांचं काहीतरी हरवतं आणि माझं तेवढंच राहतं!

पाऊण-पाऊण तासाचे तीन भाग. पहिल्या भागात कुणी बघत नाही. लोक बोलत असतात, मागवत असतात, एका टेबलावर वाढदिवस असतो. मी भजनाच्या बैठकीतून आलेली, समोरचा माणूस मांडी घालून ऐकतोय याची सवय असलेली. पहिली तीन गाणी माझ्या पोटात गोळा होता. मग मी चेहऱ्यांकडे बघायचं सोडलं आणि टेबलांखाली बघितलं. पाय हलत होते. बोलणाऱ्यांचेही. एक मध्यमवयीन गृहस्थ फोनवर काहीतरी गंभीर बोलत होते आणि त्यांचा डावा बूट आमच्या ठेक्यावर जमिनीला टेकत होता, एक मात्रा न चुकता. हीसुद्धा ऐकायचीच एक रीत आहे हे मला त्या बुटानं शिकवलं.

आणि मग तो पावसाळ्यातला शनिवार. दुसऱ्या भागाचं तिसरं गाणं चालू होतं, गायिकेनं आईवर लिहिलेलं. कडव्याच्या ऐन मध्यावर खट्‌ आवाज झाला आणि स्टेजची लाइन गेली. दिवे गेले, गिटार गेली, माइक गेला, मी गेले. उरला फक्त भाच्याचा ड्रम. तो थांबला नाही. क्षणभरही नाही. गायिका माइक सोडून स्टेजच्या कडेला आली आणि उघड्या गळ्यानं गात राहिली. कुणीतरी टाळी धरली, मग सगळ्या पबनं धरली. मी मुक्या गिटारवर बोटं चालवत आवर्तनं मोजत होते, एक, दोन, तीन. सातव्याला लाइन आली. आमचा मिक्सर डिजिटल, त्याला परत सुरू व्हायला मिनिटभर लागतं. पण माझा अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या स्पीकरवर वाजतो, तो लगेच जागा झाला. भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मी समेवर पांढरी तीन सोडली.

तो आरडाओरडा मी मरेपर्यंत विसरणार नाही. मिनिटभर त्या पबमध्ये एक ड्रम, एक बास, एक उघडा गळा आणि दीडशे माणसांच्या टाळ्या एवढंच होतं, आणि त्यात कशाचीही कमतरता नव्हती.

त्या रात्री परत येताना टेम्पोत भाच्यानं मला त्याच्या फोनवर एक अल्बम लावून दिला. 'डाउन बाय द जेटी', बँड डॉ. फीलगुड, १९७५. "हे ऐक. हे लोक पबवालेच होते." तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही! लंडनच्या पूर्वेला थेम्स नदी समुद्राला मिळते तिथे कॅन्व्ही आयलंड नावाचं सखल बेट आहे, तेलाच्या टाक्यांचं, १९५३च्या पुरात बुडालेलं. तिथली ही चार मुलं. त्या काळात मोठे रॉक बँड स्टेडियममध्ये वाजवायचे, एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. आणि इकडे लंडनच्या पबमध्ये, १९७१ला केंटिश टाउनच्या टॅली-होमध्ये एग्ज ओव्हर ईझी या अमेरिकन मंडळींनी वाजवायला सुरुवात केल्यापासून, छोट्या गाण्यांचं, घामाचं, अंगाला भिडणारं संगीत उभं राहत होतं. त्यालाच पुढे पब रॉक म्हणायला लागले. डॉ. फीलगुडनी आपला हा पहिला अल्बम मोनोमध्ये काढला. १९७५ साली, जेव्हा सगळं जग स्टिरिओवर गेलेलं! बहुतेक गाणी स्टुडिओत सगळ्यांनी एकत्र वाजवून केलेली. ऐकताना वाटतं आपण बारला टेकून उभे आहोत. पुढच्या वर्षी त्यांचा कार्यक्रमांत रेकॉर्ड केलेला 'स्टुपिडिटी' आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

त्यांचा गिटारवाला विल्को जॉन्सन. मी त्याच्याबद्दल सापडेल ते वाचलं. इंग्रजी साहित्य शिकला, मग भारतापर्यंत रस्त्यानं प्रवास करून आला, परत जाऊन शाळेत मास्तर झाला, आणि मग हा बँड. पिकशिवाय, नुसत्या बोटांनी वाजवायचा, ठेका आणि सूर एकाच हातातून. २०१३च्या सुरुवातीला त्याला स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचं कळलं, काही महिनेच आहेत म्हणून सांगितलं. त्यानं केमोथेरपी नाकारली आणि निरोपाचे कार्यक्रम करायला निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, द हू या बँडच्या रॉजर डाल्ट्रीबरोबर, आठवडाभरात त्यानं एक अल्बम रेकॉर्ड केला, 'गोइंग बॅक होम'. शेवटचं काम समजून. नंतर त्याच्या चाहत्यांपैकीच एका डॉक्टरांना वाटलं, हा माणूस इतके महिने वाजवतोय कसा? परत तपासण्या झाल्या, २०१४ मध्ये तीन किलोची गाठ काढली, आणि विल्को २०२२ पर्यंत जगला, वाजवत राहिला. मी हे वाचलं तेव्हा कुकरच्या चार शिट्ट्या होऊन गेल्या होत्या आणि मला एकही ऐकू आली नव्हती.

पण थांबा, खरी गोष्ट पुढेच आहे. 'गोइंग बॅक होम'वर बास कुणी वाजवला? नॉर्मन वॉट-रॉयनं. जन्म १९५१, मुंबई! आपल्या मुंबईत जन्मलेला मुलगा, लहानपणीच घरच्यांबरोबर इंग्लंडला गेला, इयान ड्युरीच्या ब्लॉकहेड्समध्ये वाजवायला लागला, आणि १९७९च्या जानेवारीत त्यांचं 'हिट मी विथ युअर रिदम स्टिक' पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्यातला बास ऐका. एका मात्रेत चार-चार स्वर, सलग, जणू कुणी रेला धरलाय. मी पहिल्यांदा ऐकलं आणि पेटीपाशी बसून ते अर्ध्या गतीत काढायला दोन रात्री घालवल्या. रात्री हॉटेला-पबांत वाजवणाऱ्यांचं मुंबईच्या संगीताशी नातं तसं जुनंच आहे म्हणा. गोव्याचे वादक चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून मुंबईला यायचे, रात्री हॉटेलांत जॅझ वाजवायचे आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट त्यांतलाच, आणि त्याच्याबरोबर आपल्या सी. रामचंद्रांनी 'अलबेला' (१९५१) गाजवला. ती गाणी मी लहानपणापासून ऐकतेय. त्यांच्यामागे रात्रभर वाजवून आलेली माणसं आहेत हे आता ऐकू येतं.

आता आमचं रेकॉर्डिंग. कोथरूडला एका बंगल्याच्या तळघरातला स्टुडिओ, चार दिवस घेतलेला. पहिल्या दिवशी रीतीप्रमाणे काम सुरू झालं. कानात क्लिक, म्हणजे यंत्राचा टकटक ठेका. आधी ड्रम एकट्यानं वाजवायचा, मग त्यावर मी एकटीनं, मग गिटार, सगळ्यात शेवटी गाणं. चूक झाली तर तेवढाच तुकडा परत. संध्याकाळी आम्ही आईचं गाणं ऐकायला बसलो. एकही चूक नव्हती. आणि कुणी काही बोलेना. गायिका हळूच म्हणाली, "लाइन गेली होती तेव्हा हे गाणं असं नव्हतं."

मला कारण लगेच कळलं, कारण मी लेहरेवाली आहे. लेहरा धरणारा घड्याळासारखा वाजवत नाही. तबलजी उठाव घेतो तेव्हा लय रेसभर चढते, पेटीवाला त्याच्याबरोबर चढतो, दोघांनाही ते माहीत असतं. आमचं ते गाणं पबमध्ये दुसऱ्या कडव्याला थोडं पुढे सरकतं आणि शेवटी मागे बसतं. क्लिकनं ते सरळ करून टाकलं होतं. मी म्हटलं, "आपण एकत्र वाजवू." रेकॉर्डिस्टनं माझ्याकडे बघितलं. मी फोन काढून 'डाउन बाय द जेटी' लावलं. तो हसला, म्हणाला, "मला माहितीय हे. गाद्या आहेत का कुणाकडे?"

गाद्या होत्या! भाच्याच्या घरून दोन, माझ्या घरून तीन, छोट्या हत्तीतून आल्या. ड्रमभोवती उभ्या केल्या, म्हणजे त्याचा आवाज बाकी माइकमध्ये कमी शिरेल. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर न्हाणीघरात ठेवून दार लावलं. माझी वायर डीआय नावाच्या डबीतून थेट यंत्रात, म्हणून मी भाच्याच्या समोर, हातभर अंतरावर उभी. गायिका काचेपलीकडच्या खोलीत, पण आम्हाला दिसेल अशी. आता कुणीही चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. भीती काय असते ते मला त्या दिवशी कळलं, आणि ती किती गोड असते तेही. रेकॉर्डिस्टनं मधल्या चहाला बीटल्सची गोष्ट सांगितली: ११ फेब्रुवारी १९६३, त्यांच्या पहिल्या अल्बममधल्या चौदापैकी दहा गाणी एका दिवसात, जॉन लेननचा घसा सर्दीनं बसलेला, म्हणून गळा फाडून गायचं 'ट्विस्ट अँड शाउट' मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलं. अल्बममध्ये आहे तो त्याचा पहिलाच टेक. लिव्हरपूलच्या आणि हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र-रात्र वाजवलेली मुलं होती ती, एका दिवसात अल्बम आला तो त्या रात्रींच्या जोरावर.

आईच्या गाण्याचे आम्ही अकरा टेक केले आणि ठेवला तिसरा. त्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी एक बारीक करकर ऐकू येते. भाच्याच्या स्टुलाची. तो पुढे झुकला, कारण त्यानं माझ्याकडे बघितलं, कारण पुढे लय चढणार होती. रेकॉर्डिस्ट ती काढत होता, आम्ही चौघंही एकदम ओरडलो, राहू दे! हेडफोन लावून मी ते चार सेकंद किती वेळा ऐकले असतील. ती करकर, मग अर्ध्या मात्रेची शांतता, मग माझी तार.

मिक्सिंगला मला आणखी एक अद्भुत गोष्ट कळली. मोबाइलचा इवलासा स्पीकर ४१ कंपनांचा स्वर वाजवूच शकत नाही. म्हणजे बहुतेक लोक आमचा अल्बम ऐकतील तेव्हा माझा मूळ खर्ज त्यांच्या कानापर्यंत पोचणारच नाही. मी हिरमुसले. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "थांबा," आणि त्यानं माझ्या बासमध्ये किंचित खरखर मिसळली. त्यानं वरचे स्वयंभू स्वर उठावदार झाले, साधारण ८२, १२३, १६४. ही शिडी कानाला मिळाली की मेंदू खालची पायरी आपोआप भरून काढतो, नसलेला खर्ज ऐकू येतो! तानपुऱ्यातला गंधार ऐकत मोठी झालेली मी, कुणीही न छेडलेला स्वर ऐकू येणं मला नवं नाही, पण तो माझ्या बोटांतून कुणाच्या तरी फोनवर असा उमटेल हे कुठल्या स्वप्नात होतं?

गाणी तयार आहेत, मुखपृष्ठ व्हायचंय, पुढच्या महिन्यात अल्बम येईल. दरम्यान परवाच्या शनिवारी आम्ही आईचं गाणं पबमध्ये वाजवलं आणि शेवटाकडे गायिका थांबलीच नाही, ओळ परत घेतली, मग परत, आणि मी नुसती पांढरी तीनवर बसून राहिले, भाचा ठेका अर्ध्यावर आणून वाट बघत होता. आठ आवर्तनं जास्त झाली. रेकॉर्डिंगमध्ये हे नाही! अल्बम अजून बाहेर आलेला नाही आणि गाणं पुढे निघूनही गेलं. टेम्पोत सामान चढवताना भाचा म्हणाला, "मावशी, हे परत रेकॉर्ड करायला लागणार." मी म्हटलं, गाद्या मी धुवायला टाकलेल्या नाहीत अजून, तशाच आहेत, कधी जायचं सांग.